बुरुजाची उंची

लोकांचे नवरे रविवारी मटण आणतात, जेवतात आणि झोपतात. आमचे हे गळ्यात कॅमेरा अडकवून मला जुन्या भिंतींपुढे उभं करायचे.

ह्यांची नोकरी नकाशे काढायची. इमारतीचा फोटो काढला तर तिची उंची कळली पाहिजे, आणि उंची कळायला शेजारी माणूस हवं. ते माणूस मी. मी बरोबर पाच फूट. फोर्टातला टाउन हॉल, वसईचा किल्ला, उरणची पडकी तटबंदी, सगळीकडे मी पायथ्याशी मुंगीएवढी उभी आहे. हातात पर्स, कपाळाला आठ्या. "सुनयना, हसू नकोस, नुसती उभी राहा," असं हे लांबून ओरडायचे. मी चिडून विचारायचे, बायको केलीत की फूटपट्टी? एकदा म्हटलं, द्या तो कॅमेरा, तुमचाही एक काढते. तर म्हणे तुझा हात हलतो.

गेल्या वर्षी हे गेले. ऑफिसातून आले, चहा मागितला, आणि मी चहा गाळेपर्यंत सगळं संपलं होतं. मूलबाळ नाही. नेरूळच्या फ्लॅटमध्ये आता मी आणि टीव्ही. तो मी मोठ्याने लावते, सोसायटीतलं कुणी दार वाजवून ओरडेपर्यंत. तेवढंच कुणीतरी येतं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा अरुणावन्सं, म्हणजे ह्यांची बहीण, फोनवर म्हणाल्या की हार घालायला दादाचा चांगला फोटो काढून ठेवा. घरात अल्बमांची चळत, आणि ह्यांचा फोटो एकही नाही. कॅमेऱ्यामागचा माणूस फोटोत येणार कुठून? लग्नातला एक आहे. मुंडावळ्या बांधलेला तो बारीक पोरगा मला धड ओळखूही येत नाही. त्याच्याशी माझं नुसतं लग्न झालं, संसार झाला तो दुसऱ्याच माणसाशी. ओळखपत्रावरचा फोटो वाशीच्या स्टुडिओत मोठा करून आणला, तर त्यात हे दंड भरायला आल्यासारखे दिसत होते. मग ह्यांची आठवण काढली की तेच तोंड पुढे यायला लागलं. त्याची मला भीती वाटली. माणूस गेलाच होता, आता आठवणीतूनही जातो की काय.

रविवार तसाही खायला उठायचा. अल्बममधला शेवटचा फोटो पर्समध्ये टाकून मी बसने बेलापूरला गेले. खाडीवरच्या किल्ल्याचा तिथे एक बुरूज उरला आहे. आमची शेवटची फेरी तिथलीच, अशीच संध्याकाळची.

बुरुजाजवळ गावठाणातली एक बाई बकऱ्या चारत होती. फोटोत बघून मी नेमक्या माझ्या जागी जाऊन उभी राहिले. ऊन डोळ्यांवर आलं. मी पदर सारखा केला, मान सरळ केली. समोर कुणीच नव्हतं. बघणारं कुणी नसताना बुरुजापुढे उभं राहणाऱ्या बाईला लोक वेडीच म्हणतील.

परत फोटो बघितला. माझ्या पायांशी एक सावली आहे, दोन्हीकडे फांद्या फुटल्यासारखी. मी ती कायम झाडाची धरून चालले होते. पण आता माझी सावली माझ्या पाठीमागे भिंतीवर चढली होती, आणि समोर नुसतं मोकळं रान. मी त्या बाईला विचारलं, इथलं झाड तोडलं का?

"इथं कंदीच झाड नव्हतं गो," ती म्हणाली. "खाली कातल हाय. झाड कुठशी उगंल?"

मी फोटो डोळ्यांजवळ नेला. त्या फांद्या म्हणजे ह्यांची कोपरं होती, कॅमेरा धरून बाहेर काढलेली. मधे डोकं, नेहमीसारखं जरासं डावीकडे कललेलं. तोंड नाही, चष्मा नाही, पण लाखात ओळखू यावेत असे हे. मी तिथेच बसले आणि वर्षभरात रडले नव्हते तेवढी रडले. त्या बाईने बकऱ्या तेवढ्या बाजूला हाकल्या.

तोच फोटो मी मोठा करून आणला. अरुणावन्सं श्राद्धाला आल्या, त्यांना ह्यांची सावली दाखवली. त्यांनीही दादाला ओळखलं, डोळे पुसले. पण हार हातात घेतल्यावर त्या थबकल्या. जिवंत माणसाच्या फोटोला हार कसा घालायचा? त्यांनी अगदी जपून सुचवलं की वहिनी, तुमचा भाग कापून काढू या.

मी म्हटलं, कापा.

कुठून कापायचं ते बघायला त्या वाकल्या. माझी पावलं जिथे टेकली आहेत तिथेच ह्यांचं डोकं टेकलं आहे, मधे दोऱ्याचीही फट नाही. मला काढायचं तर ह्यांचं डोकं जातं. उभ्या जन्मात बायकोपुढे मान न तुकवलेला माणूस, आणि शेवटी हा असा सापडला.

"हार राहू द्या," मी म्हणाले. "एक फूल वाहा, ह्यांच्या डोक्यावर."

वन्सं फूल घेऊन घुटमळल्या. ते माझ्याही पायांवर पडणार होतं. मग मीच ते त्यांच्या हातातून घेतलं आणि वाहिलं.