सुपाबाहेरचा फासा

दया दाखवायची असेल तर आधी विचारावं, एवढी साधी गोष्ट लोकांना कळत नाही. मी रुपल, धाकटी डहाणू गावची. हे मी भाविकला तोंडावर सुनावलेलं आहे, त्यामुळे त्याच्या मागे बोलते असं कोणी म्हणू नये.

सुरुवात माझ्या टेबलावरूनच झाली. डहाणू रोडला मी झेरॉक्सच्या दुकानात काम करते. २०१५ साली आमच्याच आळीतला भाविक चौसष्ट पानांचं एक जुनं इंग्रजी पुस्तक घेऊन आला, चार प्रती काढायला. मुंबईत इंजिनिअरिंग करताना हॉस्टेलवरच्या कोणाकडून तरी मिळवलेलं. पानोपानी भुयारं, राक्षस आणि आकड्यांचे तक्ते. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाला, खेळ आहे. पट कुठे? नाही. सोंगट्या? त्याही नाहीत. मग खेळायचं कशाने, तर म्हणे बोलून. चांगला पोरगा हॉस्टेलात बिघडला, असं वाटलं मला.

तरी गेले. पौर्णिमा-अमावास्येच्या मधल्या भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ नसते, होड्या बंदरातच असतात. त्या दिवसांत रविवार आला की आम्ही भाविकच्या ओटीवर बसायचो. भाविक, त्याची बहीण निलम, मी आणि तलासरीहून मोटरसायकलवर येणारा जीवन. तो शाळेत गणित शिकवतो म्हणून आम्ही त्याला मास्तर म्हणतो. भुयाराचा नकाशा भाविकच्या वहीत, आम्हाला दाखवायचा नाही. तो फक्त सांगणार. पायऱ्या संपल्या. पुढे दोन वाटा. डावीकडून पाण्याचा आवाज येतोय. मशाल अर्धी जळालीय. आणि मग एकेकाकडे बघून विचारणार, "तू काय करतेस?"

त्या प्रश्नावर मी दोन वर्षं जीव टाकला. घरात, दुकानात, बाजारात मला लोक काय काय विचारतात, जेवलीस का, कधी येणार, किती झाले. पण तू काय करतेस असं विचारून, उत्तर येईपर्यंत कोणी गप्प बसलंय? आणि आपण जे बोलू ते खरं होणार. उजवीकडे जाते म्हटलं की उजवीकडे. जमीन काठीने ठोकून बघितली नाही की खड्ड्यात. त्या खेळात लाड नव्हते. प्रत्येकाने कागदावर आपलं एक माणूस लिहायचं आणि भुयारात त्याच्या वतीने बोलायचं. माझी पहिली तीन माणसं दोन रविवारांत मेली, तिसरा तर स्वतःच्याच मशालीच्या तेलाने पेटून. निलम ऐकून आलेखाच्या कागदावर वाटा काढायची, एक वळण चुकलं तर सगळे तास-तासभर हरवायचो. म्हणून चौथी जगली त्याचं मोल होतं. तिचं नाव जानी. भालेवाली. दोन वर्षं मी तिला अक्कल वापरून जगवली, कोणाच्या मेहेरबानीने नाही.

आता सुपाचं सांगते. कोणाचा वार लागला, कोण वाचलं ते फाशावर ठरायचं. राक्षसांचे फासे भाविकने वहीआड टाकायचे असं पुस्तकात होतं, पण आम्ही तिघांनी ते चालू दिलं नाही. आमच्याकडे होडीच्या मासळीचे वाटे पाडतात तेव्हा प्रत्येक खलाशी आपली खूण देतो, कोणी शिंपला, कोणी बटण, कोणी विडी. भाविकची आई, विठाकाकी, त्या खुणा न बघता मुठीत घेते आणि एकेका वाट्यावर एकेक ठेवते. खूण पडली तिथे पडली. एकदा तिच्या नवऱ्याचाच शिंपला पापलेटाच्या वाट्यावरून घरंगळून शेजारच्या बारीक मासळीवर गेला. काकीने हात लावला नाही. नवरा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, तरी नाही. तोच नियम आम्ही घेतला. फासा काकीच्या सुपात, सगळ्यांसमोर टाकायचा. सुपाबाहेर उडाला तर पडला तिथेच मोजायचा, आणि सगळे बघेपर्यंत कोणी उचलायचा नाही. हा नियम बोलून दाखवणारा भाविकच होता.

२०१७ च्या दिवाळीआधी माझा साखरपुडा मोडला. मुलगा वरोरचा. कारण सांगायला कोणी आलं नाही, एक फोन आला, तोही बाबांना. मला काय वाटतं हे त्याने विचारलं नाही, बाबांनीही नाही. मग आळीभर सगळे माझ्याशी दबक्या आवाजात बोलायला लागले. दुकानाच्या मालकाने न मागता सुट्टी दिली. शेजारणींनी सुके बोंबील आणून दिले, जसं काही घरात कोणी गेलं होतं. मी एकच ठरवलं होतं, रविवारी जानी आहे. तिथे मी बिचारी नाही.

त्या रविवारी मी घाई केली. भुयारात एक पेटी सापडली आणि मी कुलूप न तपासता हात घातला. विषारी सुई. चूक शंभर टक्के माझी. वीस बाजूंच्या फाशावर बारा किंवा वर पडलं तर जानी वाचणार, नाहीतर तिथेच संपणार. मी फासा टाकला, तो सुपाच्या काठावर आपटून बाहेर उडाला आणि मास्तरच्या मागे जाळ्याच्या ढिगापाशी गेला. आम्ही उठेपर्यंत भाविकने वाकून तो उचलला होता.

"सोळा," तो म्हणाला. "वाचली."

निलमने टाळी वाजवली. मी भाविककडे बघत होते. दोन वर्षांत त्याने जमिनीवरचा फासा कधी उचलला नव्हता. मी मास्तरला विचारलं, तुमच्या मागेच पडला, तुम्ही बघितला का? मास्तर गणिताचा माणूस, आकडा खोटा सांगणं त्याला जमत नाही. तो चप्पल शोधायला लागला. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "चार होता."

माझ्या अंगाची आग झाली. निलम म्हणाली, जाऊ दे ना गं, तुझ्या भल्यासाठीच केला ना त्याने, आधीच तुझ्यावर एवढा आलाय. म्हणजे तिलाही समजलं होतं. टाळी खोटी होती. तिघांनी मिळून मला वाचवली होती, न विचारता, तिकडे वरोरवाल्यांनी न विचारता सोडली तशीच.

मी भाविकला म्हटलं, "दोन वर्षं विचारत आलास, तू काय करतेस. आज का नाही विचारलास? आज तूच ठरवलास."

तो म्हणाला की जानी मेली असती तर मी रडले असते. हो, रडले असते, माझ्या जानीसाठी रडले असते, तेवढा हक्क मला आहे. मी त्याला म्हटलं, आता मागची दोन वर्षंही खरी की खोटी कोणाला ठाऊक. किती वेळा वाचवलीस? तो शपथ घ्यायला लागला. शपथ मला नको होती.

आवाज ऐकून विठाकाकी बाहेर आली, हात मासळीचे. काय झालं ते मी सांगितलं. तिला राक्षस कळत नाहीत, भुयार कळत नाही. आमच्या खेळाला ती पोरांचं वेड म्हणते. पण ती लेकाकडे वळली.

"पडलेली खूण उचललीस?"

 एवढा शिकलेला मुलगा, मान खाली घालून उभा. काकीने हात पदराला पुसले, त्याच्या मुठीतून फासा काढून घेतला आणि जाळ्याच्या ढिगापाशी जाऊन जमिनीवर ठेवला. चार कुठे असतो ते तिला दिसेना, मास्तरने दाखवून दिलं. मग चौघांनी वाकून बघितलं. जानी मेली.

मी तिच्या कागदावर रेघ मारली. रडले, सगळ्यांसमोर, आणि कोणी पाठीवर हात फिरवायला आलं नाही ते बरं झालं. मग कोरा कागद घेतला, सूप ओढलं आणि नव्या माणसाचे सहा गुण ठरवायला तीन-तीन साधे फासे सहा वेळा टाकले. ताकद अठरापैकी पाच. तब्येत सहा. बाकीचं सांगण्यासारखं नाही. एवढं भिकार माणूस आमच्यात आजवर कोणाच्या वाट्याला आलं नव्हतं. भाविकने तोंड उघडलं, पुन्हा टाक म्हणणार होता, मला दिसलं ते. काकी अजून दारात उभी होती. त्याने तोंड मिटलं. मी नाव लिहिलं, सोमी.

माझा राग गेला नव्हता, आजही पुरता गेलेला नाही. पण मी उठले नाही. भाविकने वही उघडली. सोमी मशाल घेऊन पायऱ्या उतरली, म्हणाला. समोर उघडी पेटी. शेजारी जानी पडलीय, हातात भाला तसाच.

मग त्याने मान वर केली आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "तू काय करतेस?"

तो थांबला. सगळेच थांबले. मी पुरता वेळ घेतला.

"आधी पेटीला काठी लावून बघते," मी म्हटलं. "मग भाला घेते."