उसाकडचं दार

"खरं बोलायचं न्हाई आन् खोटंबी बोलायचं न्हाई. नुसतं व्हय म्हनायचं," मशिनी सुरू व्हायच्या आधीच भरतने आम्हा बायांना बजावलं.

भरत आमच्या निरगुडसरच्या शिवण शेडचा सुपरवायझर. आम्ही परदेशात जाणाऱ्या सुती पिशव्या शिवतो. पिशवीवर हिरवं पान छापलेलं असतं. कापूस विषाशिवाय पिकवला, शिवणाऱ्यांना मानानं वागवलं, असा त्या पानाचा अर्थ म्हणे. तो मान तपासायला माल घेणाऱ्या कंपनीची बाई आज येणार होती.

आमचा मान शेडच्या मागच्या, उसाकडच्या दाराला कुलूप घालून ठेवला होता. कुलूप मागितलंही आम्हीच. बिबट्याने त्या दारापासून कुत्रं उचललं, तेव्हा आम्ही भरतच्या हातापाया पडलो होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बिबट्या दुसऱ्या शिवारात गेला, पण कुलूप काही निघालं नाही. बाया मधेच बाहेर जात नाहीत, पिशव्या जास्त होतात, म्हणून मालकाला ते फावलं.

मग गेल्या आठवड्यात इस्त्रीजवळच्या चिंध्यांनी पेट घेतला. पुढच्या वाटेवर धूर, म्हणून आम्ही सगळ्या मागच्या दारावर धडकलो. किल्ली भरतच्या खिशात आणि भरत चहाला गेलेला. फुलाबाईने माठ उपडा केला म्हणून आग विझली. पण तिची पोटुशी सून कल्याणी त्या गर्दीत दाराला चेपली होती. तेव्हापासून इस्त्रीची वाफ निघाली तरी फुलाबाई आधी त्या दाराकडे बघायची. बोलायची मात्र सोय नव्हती. सासू-सुना दोघी इथंच कामाला, घर त्यावरच चाललेलं.

बाई आली. मालकही बरोबर होता. कुलूप गायब, उंबरा झाडलेला.

"हे दार कायम उघडं असतं?"

"व्हय," आम्ही एका सुरात म्हणालो.

"मग आग लागलीय असं समजा. सगळ्या याच दाराने बाहेर पडा बघू."

आम्ही उठलो, दारापाशी थांबलो आणि टाळ्या वाजवायला लागलो. कोणी कात्री टेबलावर बडवली, कोणी हाळी घातली. उसाकडे जायचं तर आवाज केल्याशिवाय आमच्याकडे कोणी पाऊल टाकत नाही. बाई बघतच राहिली.

"आग लागल्यावर टाळ्या?"

"बिबट्या आसला तर निघून जातो, बाई," फुलाबाई म्हणाली.

"रोज असंच करता?"

"रोज कुठलं. कुलूप आजच तर..."

भरतने तिच्याकडे असं पाहिलं की मीच एक पाऊल मागे सरले. आता ही काहीतरी सारवासारव करेल असं मला वाटलं, आणि खरं सांगते, तिने करावी असंच वाटत होतं. फुलाबाईने कल्याणीकडे पाहिलं. ती पोटावर हात धरून उभी होती.

"आजच काढलंय," फुलाबाई म्हणाली. "आग लागली तवा कुलूपच व्हतं. माजी सून चेपली व्हती हितं."

बाईने दाराचे फोटो काढले आणि मालकाला बाजूला नेलं. हे दार परत बंद दिसलं तर माल उचलणार नाही, एवढं आम्हाला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी फुलाबाई जीव मुठीत धरूनच कामावर आली. भरतने तिची मशीन उचलून उसाकडच्या उघड्या दारात मांडली होती.

"दार उघडं पायजे ना तुला? मग बस हितंच. उसाकडं पाठ करून."

पाठीमागे ऊस सळसळत होता. फुलाबाई बसली, पण तिला सुईत दोरा ओवता येईना. पाचट जरा वाजलं की तिची मान मागे वळायची. आम्ही खाली माना घालून शिवत राहिलो.

मग कल्याणी उठली. धागे कापायचं काम आणि स्टूल घेऊन सासूच्या शेजारी गेली, उसाकडे तोंड करून बसली.

"आत्या, तुमी शिवा. मी बघती."

"तुला भ्या न्हाई वाटत?"

"लई वाटतं," कल्याणी म्हणाली. "पर हितनं पळता तरी येतंय."