परमिट माझं, खांब खेमराजचा

गेल्या नऊ वर्षांत मी एकाही खांबावर चढलेलो नाही. कागदावर मात्र रोज चढतो.

माझं नाव मुन्नालाल बिसेन. वीज कंपनीत कायम लाईनमन, नोकरीला एकतीस वर्षं झाली, शिवाय आमच्या युनियनचा तालुका सचिव. 'कंत्राटी कामगारांना कायम करा' ही घोषणा माझ्याइतकी ताणून तिरोड्यात कुणाला देता येत नाही. घसा माझा चांगला आहे. पायांचं विचारू नका.

पाय गेले ते घनश्यामच्या दिवसापासून. घनश्याम माझा जोडीदार. नऊ वर्षांपूर्वी बोदलकशाच्या तलावाच्या पाळीवरच्या खांबावर तो तारेला चिकटला आणि त्याला खाली मी उतरवला. त्याची तेरवी झाल्यावर कामावर आलो, बेल्ट बांधला, शिडीच्या चौथ्या पायरीवर गेलो आणि पुढे पाय उचलेना. लोकांना मी गुडघ्यांचं दुखणं सांगितलं. गुडघे बिचारे ठणठणीत होते. मी घाबरलो होतो, आणि आजही घाबरतो.

त्या दिवशी खाली शिडी धरून खेमराज पटले उभा होता. ठेकेदाराचा माणूस, दहावी नापास, पण हाताला असा हुशार की आयटीआय केलेल्या पोरांनी त्याच्यापुढे गप्प बसावं. तो एवढंच म्हणाला, "उतरा भाऊ. तुमी परमिट घ्या, मी चढतो."

परमिट म्हणजे लाईन बंद केल्याचा कागद. सबस्टेशनचा ऑपरेटर लाईन बंद करतो, वहीत काम करणाऱ्याचं नाव लिहितो, सही घेतो. त्याच माणसानं काम संपल्याची सही केल्याशिवाय लाईन सुरू होत नाही. ते नाव कायम माणसाचंच लागतं. ठेकेदाराच्या माणसाला परमिट नाही. म्हणून सही मी करायचो आणि चढायचा खेमराज. पहिल्या दिवशी ती माया होती. महिन्याभरात ती सवय झाली, आणि वर्षभरात आमच्या अख्ख्या शाखेची तीच रीत झाली. बाकीच्या कायमवाल्यांचे गुडघेही एकेक करून दुखायला लागले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या युनियननं कामगार आयुक्तांकडे केस लावली. कंत्राटी माणसं बारा महिने लाईनचंच काम करतात, तेव्हा त्यांना कायम करा. कंपनीच्या वकिलानं उत्तरादाखल आमच्याच परमिटच्या वह्या टेबलावर आणून टाकल्या. बघा साहेब, म्हणाला, खांबावर चढणारा प्रत्येक माणूस कायमच आहे, ही माणसं तर शिडी धरतात आणि फांद्या तोडतात. युनियनची केस युनियनच्या सचिवाच्या सह्यांनी बुडत होती. मी ते पोटात ठेवलं आणि चौकात आणखी मोठ्यानं घोषणा दिली.

अशात गेल्या वर्षी खेमराजची पोरगी रुचि आमच्याकडे अप्रेंटिस म्हणून आली. आयटीआयची इलेक्ट्रिशियन. वर्षभर काम शिकायचं, शेवटी प्रमाणपत्र मिळतं, आणि ते असलं की भरतीत नाव वर लागतं. बापाला सतरा वर्षांत जे दार उघडलं नाही, ते पोरीला एका कागदानं उघडणार होतं. खेमराज त्या कागदाविषयी देवाविषयी बोलावं तसा बोलायचा.

कागदावर तिचा गुरू मी. खरं शिकवलं बापानं. "साखळी टाकल्याबिगर तार मेली समजाची नाई," तो तिला रोज सांगायचा. तारेतली उरलीसुरली वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची साखळी आधी, हात नंतर. ऑपरेटर काहीही म्हणो, परमिट काहीही म्हणो. पोरीनं ते मनावर घेतलं. परमिटवर विश्वास ठेवायचा नाही हे तर तिनं जरा जास्तच मनावर घेतलं.

अप्रेंटिसला रोजच्या कामाची डायरी लिहावी लागते. वर्षअखेरीस गुरूनं नोंदींवर सह्या करायच्या, मग शाखेच्या इंजिनियर साहेबांनी. बाकीची पोरं एकमेकांचं बघून लिहितात. रुचिनं जे बघितलं ते लिहिलं. 'दि. १२ ऑगस्ट. खांब क्र. ४७. तारेचा तुटलेला जंपर जोडला. परमिट : मुन्नालाल बिसेन. खांबावर : खेमराज पटले. खाली : मुन्नालाल बिसेन व मी.' अशा एकशे त्रेचाळीस नोंदी.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून डायरी पुढे सरकवली. "बिसेनजी, ये लड़की ने क्या रामायण लिख डाली? ये कागज़ बाहर गया तो सबसे पहले आप जाओगे. जूनमध्ये रिटायर होताय ना? पेन्शन प्यारी है की नहीं?" मग टेबलाच्या खणातून एक कोरी डायरी काढली. आठ दिवसांत नवी लिहून आणायची, खांबावर बिसेन, शिडीला पटले. नाहीतर प्रमाणपत्रावर सही नाही.

कोरी डायरी घेऊन मी खेमराजच्या घरी गेलो. साहेब पोरीशी आपल्या तोंडानं बोलले नव्हते, मला पाठवलं होतं, आणि मीही निमूट गेलो. रविवारची दुपार होती. त्याची बायको गोमती पडवीत लाखोळीची डाळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. खेमराजला विचार करायला क्षणही लागला नाही.

"लिहून टाक बेटा," तो म्हणाला.

"काऊन लिहू?" रुचि म्हणाली. "काकाजी, तुमीच सांगा. बाबा उद्या वर मेले, तर कागदावर ते खाली शिडी धरून उभे राहतीन. आई कोणाले काय दाखवन?"

गोमतीचा हात सुपात थांबला. मी खेमराजच्या उजव्या हाताकडे बघितलं. तीन वर्षांपूर्वी तो खांबावर भाजला होता. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी अजून ताणलेली आहे. दवाखान्याच्या कागदावर 'घरच्या पंपाच्या मोटारीवर भाजला' असं लिहिलंय. ते कारण डॉक्टरला मीच सांगितलं होतं.

"माह्यं काय घेऊन बसली?" खेमराज चिडला. "माही उमर गेली. तुह्या नोकरीचा कागद हाय तो. मी कायले चढत होतो येवढे दिवस? हात जोडतो तुले, लिही."

बापानं खरोखर हात जोडले. रुचिनं कोरी डायरी मांडीवर घेतली, जुनी शेजारी उघडून ठेवली आणि लिहायला लागली. तारीख लिहिली. खांबाचा नंबर लिहिला. 'खांबावर :' लिहिलं आणि त्यापुढे माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून ती मान बाजूला करून लिहीत होती.

एकतीस वर्षांत माझं नाव किती कागदांवर लिहिलं गेलं असेल, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची किळस आली. मी तिच्या हातातून पेन घेतलं.

"गुडघे ठीक आहेत माझे," मी म्हणालो. "मी भितो. घनश्याम गेला तवापासून भितो."

"मालूम हाय मले," खेमराज म्हणाला. "नऊ वर्षांपासून मालूम हाय."

मी जुनी डायरी ओढली आणि पहिल्या नोंदीखाली लिहिलं, 'खरे आहे. मी खाली होतो.' खाली सही केली, तारीख टाकली आणि पुढची नोंद घेतली.

"पागल झाले का भाऊ? पेन्शन जाईन नं तुमची!" खेमराज ओरडला.

गेली तर गेली, असं म्हणायची माझी छाती नव्हती. मी फक्त सह्या करत राहिलो. गोमतीनं दोनदा चहा दिला. नोव्हेंबरमधल्या एका नोंदीत तलावाच्या पाळीवरचा तो खांब आला, घनश्यामचा. त्या दिवशी खेमराज त्यावर चढला होता आणि मी खाली तोंड फिरवून उभा होतो. तिथे मी लिहिलं, 'खरे आहे. मी खाली होतो. मी वर बघितले नाही.'

उन्हं कलली तेव्हा एकशे त्रेचाळीस झाल्या. खेमराजनं डायरी मांडीवर घेतली आणि बोट ठेवत ठेवत स्वतःचं नाव वाचत गेला. बऱ्याच पानांनंतर थांबला.

"येवढा चढलो का गा मी?" त्यानं पोरीला विचारलं.

"हे तं एकाच वर्षाचं होय, बाबा," रुचि म्हणाली.

सोमवारी डायरीच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि एक युनियनच्या वकिलाकडे पोचवून मगच मूळ डायरी साहेबांच्या टेबलावर ठेवली. वर्षभर ज्याच्या हाताखाली पोरगी शिकली तोच माणूस नोंदी खऱ्या म्हणतोय आणि नक्कल वकिलाकडे गेलीय, म्हटल्यावर साहेबांना अडवायला जागा उरली नाही. पंधरा दिवसांनी रुचिच्या हाती प्रमाणपत्र आलं. त्याच आठवड्यात माझ्या हाती नोटीस आली. अनधिकृत व्यक्तीस खांबावर चढवल्याबद्दल आपली पेन्शन का रोखू नये, याचा खुलासा करा. घरी बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिला दोष देत नाही.

कामगार आयुक्तांकडच्या केसची सुनावणी एप्रिलमध्ये झाली. आमच्या शाखेतले बावीस कंत्राटी गडी धुतलेले शर्ट घालून बाहेर उभे होते, आणि आत बोलायला त्यांच्यातर्फे एकटा खेमराज. जे खेमराजचं ठरेल तेच सगळ्यांचं ठरणार होतं. रुचि भिंतीजवळ बसली होती. प्रमाणपत्राची फाईल तिनं छातीशी धरली होती. अधिकारी वयानं माझ्याहून लहान, पण शांत माणूस. समोर एका बाजूला परमिटच्या वह्या, दुसऱ्या बाजूला डायरी.

"पटले, तुम्ही खांबावर चढता का?" त्यांनी विचारलं.

खेमराजनं पोरीच्या फाईलकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षं ज्या नजरेनं तो मला 'उतरा भाऊ' म्हणत आला होता, तीच नजर. पोरीचं काम झालं होतं, आता त्याला माझी पेन्शन वाचवायची होती. बाहेर उभी माणसं त्या क्षणी त्याला दिसतच नव्हती, आणि स्वतः तर तो स्वतःला कधीच दिसला नव्हता.

"नाई साहेब," खेमराज म्हणाला. "मी शिडी धरतो."

कंपनीच्या वकिलानं पेन खाली ठेवलं. रुचि उभी राहिली, पण तिला बोलायचा अधिकार नव्हता. मला होता. मी उठलो, आणि खरं सांगतो, त्या चार पावलांत शिडीच्या चौथ्या पायरीवर जशी भीती वाटली होती तशीच वाटली. घशाबद्दल मला एवढा अभिमान, पण आवाज कसाबसा निघाला.

"शिडी मी धरतो, साहेब," मी म्हणालो. "हा चढतो."