कमलाकांताची चौकशी

लढाईची वर्षं म्हटली, की तिवश्याच्या पंजाबरावांना आधी कमलाकांत आठवे. शहरातल्या वकिलाचा हा मुलगा आणि मळेकऱ्याचे पंजाबराव, दोघं अमरावतीच्या शाळेत एका बाकावर बसलेले. पुढे कमलाकांत अकोल्याच्या तारघरात लागला.

बायको तारा बाळंतपणात गेली आणि तो दारूला लागला. झोप उडाली. रिकाम्या खोलीत तिच्याशी बोलत बसे. भाऊबंदांनी पाठ फिरवली, तेव्हा पंजाबराव त्याला मळ्यात घेऊन आले. नागपूरच्या डॉक्टरांचं औषध सुरू केलं. त्याला सोबत घेऊन वांग्यांना पाणी देत. पंजाबरावांची बायको पार्बताबाई झुणका-भाकर वाढून समोर बसत आणि ताट रिकामं झाल्यावरच उठत. महिन्याभरात तो पितळी तांब्यावर तारघरातल्या टकटकीच्या भाषेत त्यांचं नाव वाजवून दाखवू लागला. त्या तोंडाला पदर लावून हसत. किती साधे, भरलेले दिवस होते ते!

तो कामावर परतला, दारू सुटली. दोन वर्षांनी फौजेच्या गुप्त तारांसाठी साहेबांनी त्याचं नाव सुचवलं. तिथे जाणाऱ्याची आधी चौकशी होई. पोलीस मळ्यातही येणार असं कळलं, तशा पार्बताबाई नवऱ्याला म्हणाल्या, दारूचं नाव काढू नका.

पण रविवारी कमलाकांत स्वतःच आला. "पंजाब, विचारलं तर सगळं सांग."

"काहून? हातातलं काम जाईन ना तुह्या."

"लपवलं, तर उद्या कुणीही मला तीच भीती घालून तारेतला मजकूर काढून घेईल. मला तसं भिऊन जगायचं नाही."

आठवड्यानं इन्स्पेक्टर खुशालराव आले. संत्र्याच्या झाडाखाली खाटेवर बसले. पंजाबरावांनी सगळं सांगितलं; दारू, ते एकट्यानं बोलणं, डॉक्टर, काहीच सोडलं नाही.

"आता पितो का?"

"नाई जी. पेला असता तं त्यानंच मले येऊन सांगतलं असतं."

खुशालराव थोडे हसले. कमलाकांतानं हेच सगळं त्यांना आधी सांगितलं होतं. ते जुळतं का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. दुसऱ्या एका कारकुनाच्या घरच्यांनी त्याचं पिणं झाकलं होतं आणि त्याचं नाव कटलं होतं.

तरी लगेच काही झालं नाही. सहा महिने त्याला साध्याच तारांवर ठेवलं, डॉक्टरांचं मत मागवलं, मग गुप्त तारांच्या खोलीत घेतलं. लढाई संपेपर्यंत तो त्या खोलीत होता.

त्या दिवाळीला तो मळ्यात आला आणि पोरासारखा विहिरीत पोहला. काठावर अंग पुसताना पंजाबरावांनी विचारलं, काय होतं रे त्या तारांत? कमलाकांत नुसता हसला आणि त्यानं त्यांनाच पाण्यात ढकलून दिलं. पार्बताबाई दोघांवर ओरडत धावत आल्या.