बोटाखालची ओळ

गल्लीत तिला सगळे बोटमावशी म्हणत. कुणाला दुकान काढायचं असो, कुणाची सोयरीक अडलेली असो, मावशी हात धुवायची, डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायची आणि उजव्या हाताचं बोट पानावर टेकवायची. बोटाखाली येईल ती ओळ म्हणजे देवाचं उत्तर. ओळ वाचली की पुस्तक बंद. सासूनं हा वसा देताना कानात सांगितलं होतं:

हात धू गं, मीट डोळे, बोट टेक एका ओळी,
पुढचं वाचील तिची रिती राहील झोळी.

पुढचं वाचायचं म्हणजे देवाला तोंडावर 'नक्की ना?' असं विचारायचं. मावशीनं जन्मात तसं केलं नव्हतं.

आज भर दुपारी तेच बोट इस्पितळात पानावर टेकून झालं होतं. खाटेवर तिचा नवरा, जन्माचा सुतार, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. पोट पाट्यासारखं कडक. सर्जनबाई आत्ताच सांगून गेल्या होत्या, "आतड्याला पीळ पडलाय. रक्त पोचत नाहीये. वयाकडे बघता भूल झेपेलच, अशी हमी मी देत नाही. पण पोट उघडलं नाही तर काय होईल, ते मात्र मला पक्कं माहीत आहे. लवकर ठरवा."

सुतार कण्हत हसला होता. "हिला विचारा, बाई. आमच्या घरात रंधा माझा आणि शब्द हिचा."

आणि तिचा शब्द ठरून बसला होता. बोटाखाली ओळ आली होती: हलू नका, गप्प उभे राहा, तुमची लढाई देव लढेल.

"झालं तर," मावशी म्हणाली. "हलायचं नाही. घरी नेऊ, प्रार्थना करू."

लेक कंडक्टर होती. गणवेशातच धावत आली होती, खांद्यावरची तिकिटांची पिशवीसुद्धा काढली नव्हती. ती कडाडली, "आई, बाबांचा जीव काय तुझ्या बोटावर टांगलाय?"

"शास्त्राबद्दल तोंड सांभाळून बोल."

"शास्त्राबद्दल कुठं बोलतेय? बोटाबद्दल बोलतेय! याच बोटानं माझं ठरलेलं लग्न मोडलंस. मी गिळलं ते. हे नाही गिळणार."

मावशीनं पुस्तक छातीशी आणखी घट्ट धरलं. मागितलेलं उत्तर मिळालं, आणि ते आवडलं नाही म्हणून फिरवायचं? मग इतकी वर्षं ठेवला तो विश्वास कसला?

परिचारिका दारात येऊन उभी राहिली. "मावशी, टेबल तयार आहे. बाई थांबल्यात."

सुतारानं दात आवळून एक कळ जिरवली आणि डोळे उघडले.

"अगं, कुणाला म्हटलंय ते?"

"काय?"

"गप्प उभे राहा म्हणून. कोण उभं होतं? कुठं?"

मावशीला शेकडो ओळी पाठ होत्या. कुठली कुणाला म्हटलेली, कुठल्या वेळी, ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. मणी ओंजळभर, पण दोरा कुठं होता?

"नुसती बिजागरी हातात दिलीस तर," सुतार धापा टाकत म्हणाला, "दार उघडतंय की लागतंय, मला तरी कसं कळायचं गं?"

"अहो, पुढचं वाचायचं नसतं."

"हे कुणी सांगितलं? देवानं की माझ्या आईनं?"

मावशी उठली. कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन तिनं पुन्हा हात धुतले, नखं चोळून चोळून, आणि पदराला पुसले. झोळी रिती राहील, म्हातारीचे शब्द कानात घुमत होते. आणि झोळीत होतं तरी काय? हा एकच माणूस. तिनं पुस्तक त्याच पानावर उघडलं आणि बोट टेकवलं, या वेळी डोळे उघडे ठेवून. पहिलीतल्या पोरीसारखं बोट ओळीखालून सरकू लागलं. आधी वरच्या ओळींवरून.

"लोक आहेत," ती हळूच म्हणाली. "गुलामीतून सुटून आलेले. पुढं समुद्र, मागून राजाचे रथ. लोक घाबरलेत. ओरडतायत, आम्हाला मरायला इथं आणलंस का म्हणून."

"माझ्यासारखेच की," सुतार पुटपुटला. "मग?"

"मग त्यांना आणणारा म्हातारा म्हणतो, हलू नका, गप्प उभे राहा..."

इथवर आलेलं बोट थांबलं. इथं पुस्तक मिटायचं, असं हाताला जन्माचं वळण. मावशीनं बोट खालच्या ओळीवर नेलं.

ती वाचत गेली. "देव म्हणतो... माझ्याकडे रडत काय बसलास? लोकांना सांग, पुढं चला."

"आणि समुद्र?" लेकीनं विचारलं.

मावशीनं पुन्हा पाहिलं. गोष्ट तिला लहानपणापासून ठाऊक होती. समुद्र दुभंगला, लोक पार गेले. पण इथं, या ओळीत, पाणी अजून जागचं हललंसुद्धा नव्हतं.

"समुद्र आहे तसाच आहे," ती म्हणाली. "त्याआधीच चला म्हणतोय."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "अहो, ऑपरेशन करा असं यात लिहिलेलं नाही हो. मी पुन्हा देवाच्या तोंडी माझं बोलणं घालणार नाही. पण गप्प राहा म्हणजे भिऊ नका, एवढंच होतं ते. मीच त्याची खुंटी करून तुम्हाला बांधून ठेवलं." तिनं परिचारिकेकडे मान वळवली. "न्या यांना."

ढकलखाटेची चाकं वाजली. ती काठाला धरून चालत राहिली. सुतारानं तिचं ते बोट मुठीत धरलं, दारापाशी सोडलं. दार मिटलं.

बाकावर मायलेकी बसल्या. आत काय चाललंय, कळायला मार्ग नव्हता. मावशीचे डोळे आपोआप मिटले, पुस्तक मांडीवर आलं, बोट वर उचललं गेलं. एकच विचारायचं होतं. जगेल ना? एक ओळ, फक्त एक.

बोट हवेत कितीतरी वेळ तसंच राहिलं. लेक बघत होती. तिनं अडवलं नाही.

मग मावशीनं डोळे उघडले. बोट खाली घेतलं, पानं मागं मागं उलटली, त्या लोकांच्या गुलामीची सुरुवात होती तिथपर्यंत.

"बस जवळ," ती लेकीला म्हणाली. "मला अक्षर पुसट दिसतंय. आळीपाळीनं वाचू."

"आणि आई, उत्तर?"

"ते मागायला नको. आधी तो कोण आहे ते तरी ऐकू."

लेकीनं तिकिटांची पिशवी खांद्यावरून उतरवली. दोघी वाचत राहिल्या. मध्येच मावशीचा आवाज तुटायचा, तेव्हा लेक पुढची ओळ धरायची. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून गेलं. लोक समुद्राच्या काठाशी येऊन पोचले होते, वारा नुकताच सुटला होता, आणि आतलं दार उघडलं. सर्जनबाईंनी तोंडावरचा मास्क खाली ओढला.

मावशीनं खुणेसाठी बोट पानात ठेवलं, आणि त्यांनी तोंड उघडण्याआधीच ती उभी राहिली.

"भूल झेपली," सर्जनबाई म्हणाल्या. "आतड्याचं उद्या कळेल."

मावशीनं मान डोलावली. बोट पानातून काढलं नाही.