शेवाळाच्या पट्टीला काठ

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांच्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली होती आणि ती बरी व्हायचं नाव घेत नव्हती. साखरेचं दुखणं जुनं, त्यात जन्मभर शिलाई मशीनचं पायडल मारून झिजलेला तळवा. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की पुढच्या तपासणीपर्यंत जखम भरायला लागली नाही, तर अंगठा काढावा लागेल. तोवर पायडलला पाय लावायचा नाही. मास्तरांना अंगठ्यापेक्षा पायडलचीच काळजी जास्त.

त्यांची लेक प्रयोगशाळेत समुद्री शेवाळावर संशोधन करायची. घरात तिला सगळे शेवाळबाई म्हणत. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली पट्टी नेमकी शेवाळातल्या द्रव्याची निघाली, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. पट्टी जखमेतलं पाणी शोषून घेते, स्वतःच मऊ, बुळबुळीत होते आणि जखम ओलसर ठेवते, म्हणजे नवी कातडी धरायला सोपं जातं, असं तिने वडिलांना रंगवून सांगितलं. मग शेवाळ खाल्लं तर साखरही उतरेल का, असं मास्तरांनी लगेच विचारलं. ती म्हणाली, तसा अंदाज आहे, पण प्रयोगांची गाडी अजून उंदरांपर्यंतच आली आहे. तेव्हा आधी उंदरांना बरं वाटू दे, असं म्हणून मास्तरांनी पाय पुढे केला.

पण जखम होती तशीच राहिली. शेवाळबाईचं तोंड एवढंसं झालं. जगाला शेवाळाचे गुण सांगत फिरायचं आणि घरात बापाचा अंगठा वाचत नाही, हे तिच्या मनाला फार लागलं. तिने साखर तपासली, औषधं तपासली, आईला खोदून खोदून विचारलं. सगळं जिथल्या तिथे होतं.

पट्टी रोज आई बदलायची. एका रविवारी आई बहिणीकडे गेली, म्हणून लेक बसली. पाकीट उघडायला गेली, तर ते आधीच फोडून पुन्हा चिकटवलेलं. आतून पट्टी निघाली आणि ती बघतच राहिली. पट्टीच्या चारी कडा दुमडून त्यावर पांढऱ्या दोऱ्याची बारीक, सरळ शिलाई मारलेली होती. अशी शिलाई त्या घरात एकच माणूस मारायचा, आणि तीही मशीनवर. डब्यातल्या सगळ्या पट्ट्यांची तीच गत.

"बाबा, तुम्ही मशीनवर बसलात?"

मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. "कडा उसवत होत्या गं. तशा कापडाचं मी कधी गिऱ्हाइकाला काही दिलं नाही. स्वतःच्या पायाला काय म्हणून बांधू?"

तिला आधी संताप आला. जंतू मारून बंद केलेली पट्टी, तिला हात लावलेला, वर दोऱ्याचा काच, आणि ते शिवायला त्याच दुखऱ्या पायाने पायडल. मग ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेवाळाचा काही दोष नव्हता, आणि बापही बदलला नव्हता. संध्याकाळी आई आली, तर म्हणाली, मला वाटलं कंपनीच अशी देते, मी तर मनात म्हटलं काय नीटस काम आहे.

लेकीने त्याच दिवशी मशीनचा पट्टा काढून आपल्या पर्समध्ये टाकला आणि नवी पाकिटं आणून कपाटाला कुलूप लावलं. पण मशीन बंद पडल्यावर मास्तरांनी असा चेहरा केला की तिला राहवेना. मग रोज संध्याकाळी कामावरून आली की ती पट्टा चढवायची, त्यांच्या शेजारी बाकावर बसायची आणि पायडल मारायची. मास्तर कापड सरकवायचे आणि ओरडायचे, हळू, गाडी पकडायची नाहीये. पहिल्या उशीच्या अभ्र्याची शिवण नागमोडी झाली. नंतरच्या सरळ आल्या. दोघांना इतकं बोलायला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

तपासणीला डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली, तर खाली गुलाबी मांस धरलेलं. अंगठा राहिला. पुढे जखम पुरती मिटली आणि बेताने का होईना, पायडलची परवानगी मिळाली.

लेकीने पट्टा आणून मास्तरांच्या हातात दिला. त्यांनी तो नीट चढवला, तिचा बाहीला उसवलेला प्रयोगशाळेतला कोट सुईखाली धरला आणि बाकावर जरा सरकून शेजारी जागा केली.

"ये, बस," ते म्हणाले. "पाय तुझाच लाव. मला आता एकट्याने शिवायची सवय राहिली नाही."