पडलेला चेहरा

"हसू नकोस म्हटलं ना!" मामा कॅमेऱ्यामागून खेकसला.

"मी कुठे हसतेय? तुझंच तोंड बघ, एरंडेल प्यायल्यासारखं झालंय," भाची म्हणाली आणि पुन्हा खुदकन हसली.

अख्खा जन्म लोकांना 'जरा हसा' म्हणण्यात गेला, त्या माणसावर ही पाळी यावी! मामाचा स्टुडिओ म्हणजे पुढे काउंटर, मागे पडदा, दोन दिवे आणि एक स्टूल. त्या स्टुलावर आज त्याच्या थोरल्या बहिणीची एकुलती एक पोर बसली होती. वय बावीस, डोक्यावर केस औषधालाही नाही. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून घरात तिचं नाव भिंगरी पडलं, ते तसंच राहिलं. रक्ताचा कॅन्सर आहे हे कळलं, तेव्हा तिने डॉक्टरांना पहिला प्रश्न केला होता, "मग चष्म्याच्या दुकानात कळवू ना, परवा कामाला येत नाही म्हणून?" डॉक्टर गडबडून गेले होते.

औषध एकूण सहा वेळा द्यायचं होतं. दोन वेळचं ताईने निभावलं. तिसऱ्या वेळी इस्पितळाने हात वर केले, आधी पैसे भरा, मग सलाईन लावू. मध्ये खंड पडला तर आजवर केलेलं सगळं पाण्यात जाईल, हेही त्यांनीच वर सांगितलं. नातेवाईक तोवर फोन उचलेनासे झाले होते. मग कुणीतरी एका संस्थेचं नाव सुचवलं. रुग्णाचा फोटो आणि खाली चार ओळी संस्था इंटरनेटवर टाकायची, बघणारे यथाशक्ती पैसे पाठवायचे.

फोटोला तर मामा घरचाच. त्याने झकास फोटो काढला आणि सवयीप्रमाणे संगणकासमोर बसला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसली, वर आलेली गालाची हाडं बुजवली, ओठांवर जरा रंग आणला. त्यात त्याचा काही बेत नव्हता, हाताला वळणच तसं पडलेलं. गिऱ्हाईक आहे त्यापेक्षा बरं दिसलं पाहिजे, एवढंच तो जन्मभर शिकला होता.

आठवड्यात त्या फोटोवर जेमतेम गोळ्यांपुरते पैसे जमले. मग संस्थेतल्या तरुणाचा फोन आला.

"काका, फोटो सुरेख आहे. तीच तर पंचाईत आहे."

"म्हणजे?"

"ही मुलगी आजारी वाटतच नाही हो. राग मानू नका, पण मजकूर कोण वाचतंय? लोक चेहरा बघून पैसे देतात. जशी आहे तशी दाखवा. थोडी जास्तच."

त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं मामाला वाटलं. पण तो खोटं बोलत नव्हता, आणि मामाला राग खरा त्याचाच आला.

म्हणून हा दुसरा घाट. मामाने दिवा वर नेला, म्हणजे गाल आत गेलेले दिसतील. टोपी काढायला लावली. हात मांडीवर ठेवायला सांगितले, नजर खाली. भिंगरीने तोंड कसनुसं केलं.

"हे चालेल? की सासू गेल्यासारखं करू?"

"चेष्टा पुरे."

"नाही रे जमत मला, मामा. आणि खरं सांगू? करायचंच नाहीये. दुकानातले बघणार, शाळेतल्या मैत्रिणी बघणार. ही बघा, भीक मागत बसलीये म्हणतील."

"परवा औषधाची तारीख आहे."

"मला सांगतोस? मीच आजारी आहे ना?"

आणि ती हसली. मुद्दाम, हट्टाने, ओठ घट्ट आवळून. पडद्यापलीकडे कुणी गिऱ्हाईक खाकरलं. मामाने डोळा कॅमेऱ्याला लावला. एक गोष्ट पोरीला कळू द्यायची नाही म्हणून ताईने त्याला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती.

"ताईने राहतं घर विकलं," तो म्हणाला. "दोन वेळचं औषध त्यातूनच झालं. महिनाअखेर जागा सोडायचीये."

"काहीतरीच काय! आई म्हणाली, ऑफिसातून..."

वाक्य अर्ध्यावर राहिलं. तिचा चेहरा उतरला, हनुवटी खाली गेली, खांदे गळाले. आणि मामाच्या बोटाने खटका दाबला. पुन्हा दाबला. चांगला क्षण त्या बोटाने आजवर सोडला नव्हता.

भिंगरीने मान वर केली.

"आत्ता? आत्ता फोटो काढलास तू?"

"झालं. ऊठ," मामा म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना.

ह्या फोटोवर त्याने हात फिरवला नाही, गरजच नव्हती. पैशांचा ओघ सुरू झाला. तिसरं औषध वेळेवर झालं, चौथंही झालं. ताई सगळ्यांना सांगत सुटली, भाऊ असावा तर असा! गिऱ्हाइकं काउंटरवर वाकून म्हणायची, "तो फोटो तुम्ही काढलात? काळीज हललं हो." इतक्या वर्षांत त्याच्या कामाचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. तो मान खाली घालून पावती फाडायचा.

मग एके दिवशी भिंगरी मैत्रिणीबरोबर बाजारात गेली. कशावरून तरी दोघी पोट धरून हसत होत्या. एक बाई थबकली. "तू ती फोटोतलीच ना? पैसे पाठवलेत आम्ही. मजेत दिसतेस की!" घरी जाऊन बाईंनी तेच फोटोखाली लिहिलं. येणारी मदत एकदम आटली. संस्थेतल्या तरुणाचा पुन्हा फोन, "काका, तिला सांगा, बाहेर जरा जपून."

मामाने तिला काही सांगितलं नाही. पण फोटोखालचं तिनेही वाचलं होतं. पाचव्या औषधापुरते पैसे कसेबसे जमले.

पाचव्या वेळी दोघं इस्पितळाच्या बाकावर नंबर येण्याची वाट बघत होते. भिंगरी वॉर्डातल्या नर्सची नक्कल करत होती, कमरेवर हात, मान वाकडी, "कोणी सांगितलं उठायला?" मामा कितीतरी दिवसांनी खळखळून हसला. समोरच्या बाकावरच्या माणसाने हातातल्या फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

मामाच्या लक्षात येईपर्यंत तिची नक्कल थांबली होती. हात मांडीवर आले, खांदे गळाले, हनुवटी खाली गेली. काही सांगावं लागलं नाही, आणि खोटं म्हणून बोट दाखवावं असं त्यात काही नव्हतं. तो माणूस चुकचुकला, उठला आणि निघून गेला.

"गेला तो," मामा पुटपुटला. "नीट बस आता."

"थांब जरा," ती ओठ न हलवता म्हणाली. "सहावं राहिलंय अजून."